दुसरी वाट शेवटपर्यंत उघडी ठेवा

शोकांतिकेच्या नायकाला निर्णय होईपर्यंत रडू देऊ नका. स्पर्धेच्या तयारीला लागलेल्या नाशिकच्या नाट्यसंघांना एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी ही सांगेन.

तालमींचं आपलं गणित सगळ्यांना ठाऊक आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली शिफ्ट संपवून, नाशिकरोडच्या प्रेसमधली ड्युटी आटोपून, कॉलेज करून माणसं संध्याकाळी एखाद्या शाळेच्या हॉलवर जमतात. हातात दोन-अडीच तास. शोकांतिका बसवायला घेतली की त्यातला निम्मा वेळ शेवटचा प्रवेश खातो. मृत्यू, आक्रोश, त्यावरचा प्रकाश, पडदा कधी पडायचा, हे सगळं घोटलं जातं. आणि नायक जिथे काहीतरी ठरवतो तो मधला प्रवेश घाईत उरकतो. मग प्रयोगात शेवट नीट होऊनही प्रेक्षक कोरडा राहतो. कारण नायक परत फिरू शकला असता, हे प्रेक्षकाला कुठेच पटलेलं नसतं. पहिल्या प्रवेशापासून चेहऱ्यावर सुतक घेऊन वावरणारा माणूस मेला, तर त्यात हळहळण्यासारखं काही उरत नाही.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाबद्दल सांगितलं ते साधं आहे. तो पुरता सज्जन नसतो आणि पुरता दुर्जनही नसतो, दुष्टपणामुळे नाही तर एखाद्या चुकीमुळे तो कोसळतो. या 'चुकी'वर चर्चा करताना आपण नायकाचा दोष शोधत बसतो: अहंकार, महत्त्वाकांक्षा, संशय. परीक्षेच्या पेपरात हे चालतं, नटाला त्याचा उपयोग होत नाही. दोष साकारायला गेलं की नट स्वतःच्या पात्राकडे बाहेरून बोट दाखवू लागतो. त्यापेक्षा नटाला विचारावं, या माणसाच्या कोणत्या चांगल्या गुणाने त्याला इथे आणलं? ग्रीक शोकांतिकेतल्या राजा इडिपसला सत्य कळल्याशिवाय राहवत नाही. 'अँटिगनी'तल्या राजा क्रेऑनला आपलं नगर शिस्तीत ठेवायचं आहे. कर्णाला दिलेला शब्द मोडवत नाही. गुण हाताशी असला की नट निर्णयाच्या बाजूने उभा राहतो, आणि तसा तो उभा राहिला तरच त्याच्या आतली ओढाताण दिसते.

संहितेवर करायचं काम

बैठ्या वाचनाच्या वेळी पेन्सिल घ्या. नायकाच्या प्रत्येक प्रवेशात तो मागे फिरू शकेल अशी जागा शोधा आणि समासात उभी रेघ मारा. रेघ खरी आहे का, हे पाहायला शेजारी एक वाक्य लिहा: 'इथे फिरला असता तर पुढे काय झालं असतं?' वाक्य सुचलं नाही तर ती जागा खरी नाही, रेघ खोडा. ज्या जागेनंतर परतीचा रस्ताच उरत नाही तिथे दुहेरी रेघ मारा. ही दुहेरी रेघ बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा बरीच आधी येते. 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून पाच अंकांपैकी दुसऱ्याच अंकात होतो.

'इडिपस' या पद्धतीने वाचून पाहा. आधीच्या राजाच्या खुन्याचा शोध घेणाऱ्या इडिपसला चौकशी थांबवायला सांगणारी तीन माणसं येतात. आंधळा द्रष्टा टायरेसियस आधी बोलायलाच तयार नसतो. राणी योकास्टाला सत्याचा अंदाज येतो तेव्हा ती 'पुढे विचारू नकोस' म्हणून विनवते. शेवटी म्हातारा धनगर तर गयावया करतो. तीन वेळा दार उघडं, तीनही वेळा इडिपस पुढे जातो. दिग्दर्शकाने या तिघांना 'माहिती देणारी पात्रं' म्हणून बसवलं तर नाटक निव्वळ तपासकथा होतं. तिघंही त्याला मनापासून अडवत असतील, तर प्रत्येक प्रश्नाला निर्णयाचं वजन येतं. म्हणून तालमीत या तिघांना एक वेगळं काम द्यावं: इडिपसला खरोखरच थांबवायचं. इडिपस झालेला नट क्षणभर थांबला, डगमगला, तरच त्यांना जमलं असं समजायचं.

रेघा मारून झाल्या की माझ्या मते सगळ्यात उपयोगी व्यायाम म्हणजे उलटा प्रवेश. दुहेरी रेघेचा प्रवेश घ्या, संहिता बाजूला ठेवा आणि नायक दुसरा निर्णय घेतो असं धरून दहा मिनिटं करून बघा. कर्ण कृष्णाबरोबर पांडवांकडे जातो. मॅकबेथ मेजवानीत परत जाऊन बसतो. 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर म्हणतात, 'घर तेवढं माझ्या नावावर राहू दे.' या दहा मिनिटांत नटाला तो दुसरा रस्ता किती सुखाचा होता ते अंगात कळतं. नंतर मूळ प्रवेश करताना तो काहीतरी सोडून देतो आहे हे आपोआप दिसतं, वेगळं 'दाखवावं' लागत नाही. वेळ नाही म्हणून हा व्यायाम गाळू नये. एका संध्याकाळी भागतो.

निर्णय कधी, संघर्ष कधी

सगळ्या शोकांतिका एकाच क्रमाने चालतात असं धरून बसवल्या की घोटाळा होतो. काही नाटकांत संघर्ष आधी असतो आणि निर्णय नंतर. काहींत निर्णय हसत-खेळत होऊन जातो आणि त्याची ओढाताण नंतर भोगावी लागते. नाशिकला हे शिकायला लांब जायला नको. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' दुसऱ्या प्रकारचं आहे. पहिल्या अंकात आप्पासाहेब मिळकत मुलांना वाटून टाकतात. ताट द्यावं पण पाट देऊ नये, हे शहाणपण घराघरांत असलं तरी आप्पासाहेबांना त्या घटकेला कसलीच टोचणी नाही. उदारपणाचा, मोकळं झाल्याचा आनंद आहे. हौशी प्रयोगांत नट इथेच आवाज जड करतो, कारण पुढचं सगळं नटाला माहीत असतं. ते आप्पासाहेबांना माहीत नाही! हा प्रवेश जितका प्रसन्न, भरल्या घरासारखा होईल, तितका पुढचा अंक प्रेक्षकाला सोसवत नाही. शंका त्यांच्या पत्नीच्या, कावेरीच्या वाट्याला द्या. तिचं एखादं थांबणं, कागदांकडे गेलेली नजर पुरे. दुसरी वाट तिच्या रूपाने रंगमंचावर उभी असते.

खरी ओढाताण नंतर येते, मुलाचं घर सोडताना आणि लेकीच्या घरी चोरीचा संशय आल्यावर. इथे सून आणि लेक यांना खलनायिका केलं की नाटकाचं मोठं नुकसान होतं. सून दुष्ट असेल तर आप्पासाहेबांनी घर सोडणं हा निर्णय उरत नाही, नाइलाज होतो. सुनेची तक्रार नातीच्या वळणाबद्दल आहे, आणि ती तक्रार प्रेक्षकातल्या निम्म्या आयांना पटली पाहिजे. ते झालं की आप्पासाहेबांपुढे दोन खऱ्या गोष्टी उभ्या राहतात: आपला मान आणि नातीचा सहवास. सुनेच्या भूमिकेसाठी नटी निवडताना आवाजाची धार बघू नका. तिला आपलं म्हणणं शांतपणे, न लाजता मांडता येतं का, ते बघा.

क्रेऑनचं उदाहरण तर निर्णयाचा क्रम चुकल्याचं. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'त क्रेऑनची बंदी मोडून भावाला, पॉलिनायसीसला मूठमाती देण्याचा अँटिगनीचा निर्णय पडदा उघडण्याआधीच झालेला आहे, तिच्यात फारशी दुविधा नाही. आतून फाटतो तो तिला गुहेत कोंडणारा क्रेऑन. टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर तो वाकतो, कोरसकडे, म्हणजे नगरातल्या वृद्धांच्या समूहाकडे, सल्ला मागतो. कोरस सांगतं: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन निघतो, पण आधी पॉलिनायसीसचे अंत्यसंस्कार उरकतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. त्यामागोमाग मुलगा हेमॉन जातो, मग बायको युरिडिसी. हा उलटा क्रम रंगमंचावर दिसत नाही, दूत येऊन सांगतो. त्यामुळे तो निसटण्याची भीती फार. दोन गोष्टी कराव्या. कोरसचं वाक्य पुसट होऊ न देता, दोन भाग मोजून, क्रेऑनच्या तोंडासमोर यावं. आणि दूताच्या भाषणात 'आधी' कुठे गेलो हे सांगताना नटाने घाई करू नये, तिथे प्रेक्षकाला हिशेब लागू द्यावा. बाकीचं भाषण वेगात गेलं तरी चालेल.

वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये प्रश्न आणखी वेगळा. नाशिकच्याच एचपीटी महाविद्यालयात शिकवणाऱ्या या नाटककाराने शिवाजी महाराजांना बाप आणि राजा अशा दोन्ही भूमिकांत अडकवलं. १९६२ सालच्या या नाटकात निर्णय एका क्षणी होत नाही, तो लांबत जातो आणि लांबण्यातच वेळ संपते. अशा भूमिकेत नट पहाडी आवाजाच्या आहारी गेला की बाप दिसेनासा होतो. राजाची वाक्यं उभं राहून आणि बापाची बसून, अशी तालमीपुरती विभागणी करून पाहावी. कोणतं वाक्य कुणाचं हे ठरवतानाच निम्मी भूमिका उलगडते. प्रयोगात अर्थातच ही विभागणी मोडायची.

स्वगत म्हणजे वाद

स्वगत पाठांतरासारखं म्हटलं जातं, कारण ते सुंदर असतं. पण ते माणसाचं स्वतःशी भांडण आहे, आणि भांडणाला मुद्दे लागतात. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातला सातवा प्रवेश घ्या. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' याच नाटकावरून लिहिलं, तेव्हा मराठीतही हे अभ्यासता येतं. मूळ प्रवेश जेमतेम ८२ ओळींचा. मॅकबेथ मेजवानीतून उठून येतो आणि खून न करण्याची कारणं मांडतो: डंकन माझा नातलग आहे, मी त्याचा प्रजाजन आहे, आज तो माझा पाहुणा आहे. वर तो भला राजा आहे. खुनाच्या बाजूने काय? फक्त महत्त्वाकांक्षा. हिशेब इतका स्पष्ट की बायको येताच तो हा विषय बंद करायला सांगतो. म्हणजे या घटकेला तो खरोखर परत फिरलेला असतो!

आता त्याचं मन कशाने पालटतं, ते नीट वाचा. लेडी मॅकबेथ त्याच्या मर्दुमकीवर घाव घालते हे सगळ्यांना आठवतं, आणि म्हणून प्रवेश किंचाळ्यांत जातो. पण टोमण्यांनंतर मॅकबेथ विचारतो की, फसलं तर? या प्रश्नात तो निम्मा वळलेला आहे. उरलेला निम्मा वळतो तो योजनेने: पहारेकऱ्यांना दारूत बुडवायचं आणि दोष त्यांच्यावर टाकायचा. पापाची भीती कायम राहते, फक्त काम जमण्यासारखं वाटू लागतं. म्हणून लेडी मॅकबेथने योजना सांगताना आवाज खाली आणावा, कामाची गोष्ट बोलावी तसा. तो भाग चढ्या सुरात गेला तर मॅकबेथ का वळला हे कुणालाच कळत नाही.

स्वगत बसवताना प्रत्येक 'पण', 'तरी', 'म्हणून' भोवती गोल करा. या शब्दांवर विचार वळतो, म्हणून नजर किंवा श्वास तिथे बदलला पाहिजे. बाकी ठिकाणी हालचाल नको. नट दर ओळीला पावलं टाकतो तेव्हा वळणं ऐकूच येत नाहीत.

सरावासाठी संस्कृत नाटककार भासाचं 'कर्णभार' घ्यावं. एकाच अंकाचं, छोटं, आणि निर्णयाची रचना त्यात इतकी स्वच्छ आहे की नव्या नटाला यापेक्षा चांगला धडा मला सुचत नाही. ब्राह्मणाच्या वेशात इंद्र मोठी भिक्षा मागतो. कर्ण देऊ करतो: हजार गाई, मग घोडे, मग हत्ती, सोनं, जिंकलेली पृथ्वी, अग्निष्टोम यज्ञाचं फळ, शेवटी स्वतःचं मस्तक. इंद्र प्रत्येक वेळी नको म्हणतो. आणि मग कवचकुंडलांचं नाव निघतं ते कर्णाच्याच तोंडून. कुणी ती मागितलेली नसतात. शल्य 'देऊ नका' म्हणून अडवतो. कर्ण म्हणतो, शिकलेलं काळाने झिजतं, वृक्ष उन्मळतात, पाणी आटतं, होमलेलं आणि दिलेलं तेवढं टिकतं. देऊन झाल्यावर शल्य त्याला सांगतो की तुम्ही फसवले गेलात. त्यावर कर्णाचं उत्तर उलट आहे, फसवला गेला तो इंद्र. हा प्रवेश करताना पहिली देणगी सहज, दुसरीला किंचित आश्चर्य, आणि मस्तकाच्या देणगीनंतर शांतता, असा चढ ठेवावा. कवचाचं नाव घेण्याआधी कर्णाच्या मनात ते येतं आणि तो ते गिळू शकला असता, हा अर्धा श्वास सापडला की प्रवेश सापडला.

अंगावर आणि मंचावर

निर्णय शब्दाच्या आधी होतो. श्वास आत घेतला जातो तेव्हा ठरलेलं असतं, वाक्य फक्त ते जाहीर करतं. हौशी नट वाक्यावर जोर देऊन निर्णय 'घेतो', आणि वाक्य पोकळ वाजतं. श्वासाची जागा ठरवा आणि वाक्य साध्या आवाजात सोडा.

दोन ओढी मंचावर दोन दिशांना ठेवा. एकीकडे दार, दुसरीकडे माणूस, असं काहीही चालेल. नायकाचा चेहरा एकीकडे आणि पावलं दुसरीकडे असली की शेवटच्या रांगेलाही दुविधा दिसते. पावलं वळली की ठरलं. हे तंत्र एका प्रयोगात एकदाच वापरावं, पुन्हा केलं की युक्ती उघडी पडते.

हातातली वस्तू फार कामाची. हॅम्लेट बापाच्या खुन्यामागे, प्रार्थनेला बसलेल्या क्लॉडियसमागे येतो, तलवार उपसतो, विचार करतो आणि परत म्यान करतो. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल, असं त्याचं कारण. तो गेल्यावर क्लॉडियस कबूल करतो की आपल्या शब्दांत मन नव्हतं, म्हणजे हॅम्लेटचं कारणच फोल होतं. तलवार म्यानात नीट बसत नसेल, अडकत असेल, तर प्रेक्षक हसतो आणि पुढचं सगळं वाया जातं. म्हणून खोटी तलवार आणि म्यान पहिल्या उभ्या तालमीपासून हातात हवी. भाड्याचं सामान रंगीत तालमीच्या दिवशी आलं तर उशीर झाला.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या सुधाकराचा पहिला प्यालाही असाच. वकिलीची सनद गेल्याच्या अपमानात तळिराम त्याला विसरायचा उपाय म्हणून एकच प्याला देऊ करतो. तळिराम इथे सैतान वाटला की संपलं. तो मित्र वाटला पाहिजे, आणि प्याला क्षुल्लक. उचलताना हात थरथरायला नको. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा शेवट आज सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे पहिला प्याला हलक्या हाताने उचलण्याची जबाबदारी नटावर जास्तच आहे.

पॉजबद्दल. तीन-चार सेकंदांचा पॉज मंचावर मोठा असतो. त्याहून लांबवायचा असेल तर पॉजच्या आत काहीतरी बदललं पाहिजे: नजर, वस्तूवरची पकड, समोरच्याचं पाऊल. नुसतं ताणलं की खोकले सुरू होतात. एका अंकात असा लांब पॉज एकच ठेवावा.

प्रकाश आणि संगीत निर्णयाच्या क्षणी बदलू नका. दिवे मंद होऊन स्पॉट आला, खालून सूर वाजला, की नटाऐवजी डिमरने ठरवलं असं होतं. बदल करायचाच तर निर्णयानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर, इतका हळू की तो कधी झाला हे कळू नये. निर्णयाआधीचा प्रकाश मोकळा, रोजचा असावा.

आणि निर्णय झाल्यावर संघर्ष संपला असं समजून नट सैल पडतो, तिथे दुसरा अंक ढासळतो. नाकारलेली वाट पुढेही अंगात राहिली पाहिजे. मॅकबेथला झोप लागत नाही. एक साधी खूण ठरवा: उलट्या प्रवेशात नटाला जी गोष्ट सगळ्यात हवीशी वाटली होती, तिच्याशी जोडलेली वस्तू किंवा व्यक्ती पुढच्या प्रत्येक प्रवेशात एकदा तरी त्याच्या नजरेत येऊ द्या. बोलायचं काही नाही.

शाळेच्या हॉलमध्ये बसवलेलं कालिदास कलामंदिरात नेलं की अंतरं वाढतात. दाराकडे जायला तालमीत चार पावलं लागत होती, तिथे आठ लागतात, आणि श्वासावर बसवलेलं वाक्य मधेच संपतं. सायखेडकर नाट्यगृहात पुन्हा वेगळं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी मंच ताब्यात मिळाल्यावर नेपथ्य लागेपर्यंतच्या वेळात सगळं नाटक पळवू नका, दुहेरी रेघेचा एकच प्रवेश खऱ्या अंतरांवर चालून घ्या. नायकाने मंचाच्या मध्यापासून दारापर्यंत, आणि अडवणाऱ्या पात्राने विंगेपासून त्याच्यापर्यंत. आणि प्रॉम्प्टरच्या प्रतीत त्या पॉजवर लाल गोल करून ठेवा. नाहीतर नट ठरवत असताना विंगेतून पुढचं वाक्य येतं, आणि पहिल्या चार रांगांना ते ऐकू जातं.